हिजाजच्या उन्हातली झाडे

उमराहहून परतलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे साधारण तेच विचारतात. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटले? गर्दी किती होती? खजूर कुठली आणली? त्या प्रश्नांची उत्तरे घरोघरी दिली जातात आणि दिलीही पाहिजेत. या लेखात मात्र मी त्या सफरीतल्या अशा सोबत्यांविषयी लिहिणार आहे, ज्यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. मदिना ते मक्का या वाटेवर, भर उन्हात, डोक्यावर छत नसताना उभी असलेली झाडे.

आम्ही जुलै महिन्यात गेलो होतो. मी, माझी पत्नी आणि अम्मी. आमचे गाव मराठवाड्यात, त्यामुळे ऊन आम्हाला नवे नाही. पण हिजाजचे ऊन वेगळे. दुपारी हॉटेलचे दार उघडले की तंदूरचे झाकण काढल्यासारखी हवा तोंडावर येते. मक्केत वर्षभरात सरासरी सुमारे ११० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी आपण त्याला दुष्काळी मुलूख म्हणतो. जिथे माणसाला शंभर पावले चालायला छत्री लागते, तिथे झाड जागचे हलत नाही, सावलीत जात नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे जगते. ते कसे, हा प्रश्न मला सफरभर सोबत करत होता.

मदिना: डोके आगीत, पाय पाण्यात

आमचा मुक्काम आधी मदिनेत होता. शहराच्या भोवती फिरताना अम्मी म्हणाली, “अरे, इथली जमीन तर आपल्यासारखीच काळी दिसते!” तिचे बरोबर होते. मदिनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला ज्वालामुखीच्या लाव्हारसातून तयार झालेली काळ्या खडकाची मैदाने आहेत. अरबीत त्यांना ‘हर्रा’ म्हणतात. आपला दख्खनचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच, पण तो कोट्यवधी वर्षे जुना. मदिनेजवळचा शेवटचा उद्रेक मात्र १२५६ सालचा, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात नोंद असलेला. हा काळा खडक दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. पण याच परिसरात जमिनीखाली पाणी आहे, विहिरी आहेत, आणि म्हणून मदिना हे पूर्वीपासून खजुरीच्या बागांचे गाव आहे.

खजुरीविषयी अरबांत एक जुने बोलणे आहे: तिचे डोके आगीत हवे आणि पाय पाण्यात. शास्त्राच्या दृष्टीनेही हे नेमके आहे. खजुरीला वरून कोरडी, कडक उष्णता लागते, नाहीतर फळ नीट पिकत नाही. पिकण्याच्या वेळी हवेत दमटपणा आला तर फळ खराब होते. मुळांना मात्र ओल लागते. ती ओल ती खोलवर जाऊन शोधते किंवा बागवान तिला पाटाने देतो. पाणी थोडे खारे असले तरी ती चालवून घेते.

खजुरीच्या झाडाला वाढणारा कोंब एकच असतो, अगदी शेंड्याच्या आत. आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते. खजुरीचा तो एक कोंब मेला की झाड संपले. म्हणून तो अगदी आत जपलेला असतो. त्याच्याभोवती पानांच्या रुंद देठांचे थर, त्यावर तंतूंची जाळी, आणि वरून झावळ्यांची छत्री. बाहेर ५० अंशांपर्यंत पारा चढला तरी या थरांच्या आत तो कोंब बराच थंड राहतो. आपल्या जुन्या मातीच्या घरांत जाड भिंती आणि धाबे यांमुळे आतली खोली गार असते, तसेच हे. झावळीचे प्रत्येक पातेही मधून दुमडलेले, वरून मेणचट असते. ऊन त्यावर सपाट पडत नाही, तिरपे पडते आणि निसटते.

बागेत शिरल्यावर आणखी एक गोष्ट कळली. खजुरीच्या सावलीत लिंबाची, डाळिंबाची झाडे होती आणि त्यांच्याही खाली जनावरांसाठी हिरवा चारा. उघड्यावर हा चारा एका दिवसात करपला असता. उंच झाड मधल्याला सावली देते, मधले खालच्याला. ओअॅसिसमधली शेती शेकडो वर्षे अशीच तीन मजल्यांची होत आली आहे.

मदिनेच्या परिसरात ‘अस्ल’ नावाचे एक झाड आहे. आपल्याकडे नदीकाठी त्याच्या जातीच्या झाडाला झाऊ म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी बनवलेला मिंबर याच झाडाच्या लाकडाचा होता, असे हदीसमध्ये आले आहे. हे लाकूड मदिनेजवळच्या गाबा नावाच्या रानातले. झाऊची पाने म्हणजे बारीक खवले. नीट पाहिल्याशिवाय ती पाने आहेत हेच समजत नाही. खाऱ्या जमिनीतून मुळांवाटे आलेले मीठ ही खवलेदार पाने बाहेर टाकतात. फांदीला बोट लावून जिभेवर ठेवले तर खारट लागते.

बाभळीच्या जातीतले झाड

मदिनेहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर जुल-हुलैफा हे मीकातचे ठिकाण लागते. तिथल्या मशिदीला ‘मस्जिदे शजरा’, म्हणजे झाडाची मशीद, असेही म्हणतात. प्रेषित (स.) उमराह व हजला निघताना इथे एका ‘समुरा’च्या झाडाखाली थांबत असत. हुदैबिया इथे हिजरी ६ मध्ये सहाबांनी ज्या झाडाखाली बैअत केली, ज्याचा उल्लेख सूरह अल-फतहमध्ये आहे, तेही समुराचेच होते.

इहराम बांधून आम्ही बसमध्ये बसलो. मदिना ते मक्का हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. आता वेगवान रेल्वेही आहे, पण बसमधून वाट जास्त दिसते. शहर मागे पडल्यावर ओसाड डोंगर आणि वाळूचे कोरडे ओढे सुरू झाले. त्या ओढ्यांच्या काठाने छत्रीसारखी, वरून सपाट दिसणारी काटेरी झाडे उभी होती. अम्मी खिडकीतून पाहत म्हणाली, “ही तर बाभळ!” तीच समुरा. आपली गावठी बाभळ आणि समुरा एकाच कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. आपल्या बाभळीसारखीच तिलाही बारीक पाने आणि पांढुरके काटे. फरक एवढाच की तिच्या काही काट्या लांब सरळ असतात आणि काही आखूड, आकड्यासारख्या वळलेल्या.

उन्हात झाडापुढची खरी अडचण काय असते, हे समुराकडे पाहून चांगले समजते. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही तोंडे उघडी असली की झाडाला हवेतून अन्न बनवण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाऊन पान थंड होते. आपल्याला घाम आल्यावर वारा लागला की गार वाटते, तसेच. पण तोंडे उघडी ठेवली की पाणी जाते, आणि वाळवंटात पाणी परत भरून कोण देणार? तोंडे बंद केली तर पाणी वाचते, पण पान तापते आणि उपाशीही राहते. म्हणजे तहान की ताप, असा हा पेच आहे. वाळवंटातल्या प्रत्येक झाडाने या पेचातून आपापली वाट काढली आहे.

समुराची वाट म्हणजे पान लहान करणे. तिची पर्णिका दोन-तीन मिलिमीटरची. पानाला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. केळीच्या पानासारखे मोठे पान असेल तर हा थर जाड होतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून पाणी नसेल तर केळीचे पान भोवतीच्या हवेपेक्षाही जास्त तापते आणि कडा करपतात. पान इवलेसे असेल तर हा थर अगदी पातळ राहतो, वारा लगेच उष्णता घेऊन जातो. पाणी खर्च न करता पान हवेच्या आसपास राहते. जोडीला सोटमूळ वाळूच्या खूप खाली, जिथे पावसाचे मुरलेले पाणी टिकते, तिथपर्यंत जाते. वर दिसणारे झाड पाच-सहा मीटरचे असले तरी त्याचा निम्मा संसार जमिनीखाली असतो.

काटकसर करणारे आणि खर्चणारे

वाटेत एका ठिकाणी बस नमाजसाठी थांबली. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत रुई उभी होती. आपल्या बांधावर, कब्रस्तानच्या भिंतीला दिसते तीच रुई. जाड, राखाडी-हिरवी पाने, त्यावर पांढरी लव. ही लव आणि मेण ऊन परतवून लावते. पान मोडले की पांढरा चीक येतो, त्यामुळे उपाशी शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. जिथे एक पान बनवायला एवढे कष्ट पडतात, तिथे ते जनावराच्या पोटात जाऊ न देणे हाही जगण्याचाच भाग आहे.

रुईच्या शेजारी गुडघ्याएवढी, गर्द हिरवी झुडपे होती. त्यांना तिथे हरमल म्हणतात. चहूकडे सगळे पिवळे पडलेले असताना हे इतके हिरवे कसे? जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी याच झुडपाचा अभ्यास केला आहे. प्रत्येक पानावर मेणचट आवरण असते. फार उष्णता वाढली की बहुतेक झाडांचे हे आवरण ढिले पडते आणि तोंडे बंद असूनही पाणी झिरपत राहते. हरमलचे आवरण ५० अंशांपर्यंतही घट्ट टिकते. हे झुडूप पाण्याचा थेंब थेंब राखून जगते.

त्याच वाळूत याच्या अगदी उलट वागणारी एक वेल पसरलेली असते. अरबीत हंजल, आपल्याकडे कडू इंद्रायण. तिची फळे छोट्या कलिंगडासारखी दिसतात, पण चव अशी कडू की जिभेवरून जात नाही. ही वेल भर दुपारी पर्णरंध्रे उघडी ठेवते आणि पाणी उधळते. त्यामुळे तिची पाने भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी थंड राहतात. हा खर्च तिला परवडतो, कारण तिचे मूळ खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचलेले असते. वेल मुळापासून तोडली तर पाने थोड्याच वेळात तापून मरतात. एकाच उन्हात, एकाच वाळूत एक झाड काटकसरीने जगते आणि एक खर्च करून. पण खर्च करणाऱ्याने आधी खाली विहीर खणून ठेवलेली असते, हे विसरता येत नाही.

तिसरा प्रकार पाने टाकून देणाऱ्यांचा. नेपती आपल्याकडे माळावर वाढते, हिजाजमध्येही आहे. तिला पाने जवळजवळ नसतातच. हिरव्या काड्याच पानाचे काम करतात. वाळूच्या टेकड्यांवर वाढणारे ‘मर्ख’ नावाचे झुडूपही असेच, नुसत्या हिरव्या काड्यांचा झाडू. सूरह यासीनमध्ये हिरव्या झाडातून आग निर्माण करण्याचा जो उल्लेख येतो, त्याचा अर्थ सांगताना जुन्या मुफस्सिरांनी या मर्खचे नाव घेतले आहे. अरब त्याच्या काड्या एकमेकींवर घासून विस्तव पाडत. बोर आणखी वेगळी. आपली बोर उन्हाळा कडक झाला की पाने गाळते, पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लव ठेवते, आणि पाऊस पडला की पुन्हा भरते. हिजाजमध्ये तिची जातवाली ‘सिद्र’. मय्यतीच्या गुस्लसाठी आपल्याकडे बोरीची पाने पाण्यात घालतात, त्या रिवाजाचे मूळ या सिद्रच्या पानांत आहे.

मिस्वाकचे झाडही इथलेच. अरबीत ‘अराक’, मराठीत पीलू. जाडसर, मांसल पाने, वर्षभर हिरवे, आणि खाऱ्या जमिनीतही जगणारे. मिस्वाक आपण रोज हातात धरतो. पण ती उन्हात आणि खाऱ्या मातीत मुरलेली मुळी आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

मक्का: बिनशेतीचे खोरे

मक्का डोंगरांच्या बेचक्यात आहे. ह. इब्राहीम (अ.) यांनी बीबी हाजरा आणि बाळ इस्माईल (अ.) यांना इथे ठेवून जी दुआ केली, तिच्यात या जागेचे वर्णन ‘जिथे शेती होत नाही असे खोरे’ या अर्थाने आले आहे. आजही डोंगर उघडे आहेत. गडद खडक दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते परत देतो, म्हणून मध्यरात्रीच्या तवाफलाही हवा गरम असते.

अशा जागी उगवणाऱ्या प्रत्येक काडीची किंमत आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत आपोआप उगवलेली झाडे, अगदी काटेसुद्धा, तोडण्याची मनाई प्रेषित (स.) यांनी केली. त्या वेळी त्यांचे चुलते ह. अब्बास (रजि.) यांनी ‘इजखिर’ नावाच्या गवतासाठी सवलत मागितली, कारण घराच्या छपरासाठी आणि कबरीत ते लागत असे. ती सवलत दिली गेली. गरज मान्य केली, पण सगळ्या हिरवाईला हात लावण्याची मोकळीक दिली नाही.

हे इजखिर म्हणजे आपल्या गवती चहाचे भाऊबंद. चुरगाळले की तसाच वास येतो. हे गवत, तसेच आपली ज्वारी, बाजरी आणि ऊस, अन्न बनवण्याची एक खास पद्धत वापरतात. उष्णता वाढली की गहू-तांदळासारख्या पिकांची अन्न बनवण्याची यंत्रणा चुका करू लागते आणि कमावलेले बरेचसे वाया जाते. ज्वारी-इजखिरच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींत साठवला जातो, त्यामुळे पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असली तरी काम चालू राहते. कमी पाण्यात ज्वारी का येते, याचे एक उत्तर इथे आहे. दुपारी ज्वारीचे पान सुरळीसारखे वळते तेही उगीच नाही. उन्हाला तोंड देणारा भाग ते कमी करते.

मक्का-मदिनेच्या बाजारात मुठीएवढा, वाळलेल्या काड्यांचा एक गोळा विकायला असतो. कफ मरियम, मरियमचा पंजा. पाण्यात टाकला की काही तासांत तो हळूहळू उघडतो. आपल्याकडच्या अनेक घरांत बाळंतपणासाठी तो आणून ठेवतात. हे रोप पावसानंतर काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी धरून मरते. मेल्यावर त्याच्या फांद्या आत मिटतात आणि बिया मुठीत धरून ठेवतात. पाऊस आला की वाळलेल्या काड्या पाणी शोषून उघडतात आणि थोड्या बिया सोडतात. म्हणजे उन्हाळा टाळण्याची त्याची तऱ्हा अशी की उन्हाळ्यात ते जिवंतच नसते, फक्त त्याचे बी असते. उघडणे हे काड्यांचे फुगणे आहे, त्यात औषध काही नाही. अम्मीने शेजारच्या सुनेसाठी एक घेतला तेव्हा मी एवढेच म्हणालो की पाहायला सुंदर आहे, ठेवावा; पण त्याचे पाणी गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. अम्मीने ते मानले.

पानाच्या आत

बाहेरचे हे उपाय संपतात तेव्हा झाडाचा आतला उपाय सुरू होतो. अंडे उकळले की त्यातला पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा कधी पातळ होत नाही. कारण उष्णतेने त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. झाडाच्या पेशीही प्रथिनांवरच चालतात. पान फार तापले की तीही घडी मोडू लागते. त्या वेळी पेशी एक खास प्रकारची प्रथिने झपाट्याने बनवतात. ती मोडू लागलेल्या प्रथिनांना आधार देतात, एकमेकांत गुंतू देत नाहीत, नीट घडी घालतात. १९६२ मध्ये रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीच्या पेशींमध्ये या प्रतिक्रियेचा पहिला माग लागला. पुढे ती झाडांत, प्राण्यांत आणि माणसांतही आढळली. अल्लाहने ही मदत जवळजवळ प्रत्येक सजीवाच्या आत ठेवली आहे.

ही तयारी सवयीने वाढते. हळूहळू तापत गेलेले झाड मोठी उष्णता सोसते, एकदम उन्हात आणून ठेवलेले रोप कोमेजते. म्हणूनच रोपवाटिकेतले रोप लावण्याआधी काही दिवस थोड्या थोड्या उन्हात ठेवतात. पण हद्द इथेही आहे. बहुतेक झाडांचे पान ४५ ते ५० अंशांच्या पुढे तापले की नुकसान सुरू होते. वाळवंटातले झाडही अमर नाही. फक्त ते आपली हद्द ओळखून वागते.

अरफातचा कडुनिंब

मक्केहून आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर अरफातचे मैदान. जियारतच्या बसमधून आम्ही तिथे उतरलो तेव्हा पत्नीने प्रथम दाखवले, “इथे तर कडुनिंब आहेत!” एक नाही, दोन नाही, नजर जाईल तिथपर्यंत रांगाच रांगा. १९८० च्या दशकात या मैदानावर सुमारे ५०,००० कडुनिंब लावले गेले. कडुनिंब मूळचा आपल्या उपखंडातला. आपल्या अंगणातले झाड, लाखो हाजींना सावली देण्यासाठी हिजाजमध्ये रुजले.

कडुनिंब का निवडला, हे त्याच्याखाली उभे राहिल्यावर कळते. मुळे खोल जातात. हलक्या, दगडी जमिनीत वाढतो. पाने गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि लगेच नवी पालवी फुटते, म्हणून ऐन उन्हात तो भरलेला असतो. पाने लहान लहान असल्याने तापत नाहीत आणि सावली मात्र दाट पडते. सूर्याचे थेट ऊन अंगावर न पडणे, हाच उन्हात सर्वांत मोठा दिलासा असतो.

या सावलीची किंमत किती मोठी आहे ते २०२४ च्या हजमध्ये दिसले. त्या वर्षी १७ जूनला मस्जिदुल हरममध्ये ५१.८ अंश तापमान नोंदले गेले. सौदी सरकारने त्या हजमध्ये १,३०१ मृत्यू झाल्याचे सांगितले. त्यांपैकी ८३ टक्के अधिकृत परवाना नसलेले यात्रेकरू होते, जे निवारा नसताना उन्हात लांबवर चालले. त्यांत वृद्धही होते. कुणाची अम्मी, कुणाचे अब्बा. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हज आता दरवर्षी थोडा अलीकडे सरकत थंडीकडे जाईल. पण साधारण ३३ वर्षांच्या फेरीत तो पुन्हा उन्हाळ्यात येणारच. शिवाय मक्केत वसंतातही ऊन कमी नसते. म्हणून घरातल्या मोठ्यांना पाठवताना किंवा सोबत नेताना झाडांकडून घेण्यासारखे काही आहे. भर दुपारी समुरा काम कमी करते. आपणही बाहेरची कामे फजरनंतर किंवा असरनंतर ठेवावीत. कडक उन्हात जोहरची नमाज थोडी थंड वेळेपर्यंत लांबवण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच. इंद्रायणला खर्च परवडतो कारण तिच्याजवळ पाणी असते. आपणही तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा जाणवते आणि घामही कमी येतो, म्हणून त्यांना आठवण करून द्यावी लागते. छत्री सोबत असावी. कुणी गोंधळल्यासारखे बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. अशा वेळी ‘थोडे सोसू’ म्हणण्यात सबर नाही.

परतल्यावर मला आपल्या गावांकडे पाहून जास्त वाईट वाटले. जिथे ११० मिलिमीटर पाऊस, तिथे हजारो कडुनिंब जगवले. आपल्याकडे त्याच्या सहा-सातपट पाऊस, आणि आपण बांधावरची बाभळ सरपणासाठी, बोर काटे टोचतात म्हणून, आणि मशिदीच्या अंगणातला कडुनिंब पाने पडतात म्हणून तोडतो. मग तिथे फरशी घालतो, वर पत्रा टाकतो. मे महिन्यात जुम्याच्या नमाजला त्या पत्र्याखाली बसलेल्यांना विचारा, पत्रा बरा की झाड बरे. जे झाड हरमच्या हद्दीत तोडायचे नसते, त्याची कदर हद्दीबाहेरही करता येते.

झाड लावणाऱ्याला, त्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पक्ष्याने खाल्ले तरी सदक्याचा सवाब मिळतो, असा प्रेषित (स.) यांच्या हदीसचा अर्थ आहे. सवाब मिळवण्याचा हा मार्ग फार खर्चिकही नाही. जून-जुलैमध्ये कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडतात. निंबोळीचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून ताजेच घ्यावे, गर धुऊन पिशवीत किंवा थेट जागेवर पेरावे. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे आणि शेळ्यांपासून राखावे. पुढे तो स्वतःची काळजी घेतो. आठ-दहा वर्षांत त्याच्याखाली एक सफ उभी राहील एवढी सावली होते. आज मकतबमध्ये अलिफ-बे शिकणारी मुले तोवर कॉलेजात गेलेली असतील. कब्रस्तानच्या कडेला बोर, मशिदीच्या अंगणात कडुनिंब, विहिरीच्या बांधावर बाभळ: एका मोहल्ल्याने यंदाच्या पावसात एवढे केले, तरी पुढच्या पिढीची एक दुपार सोसवेल.